मी कापलेला समास

आमच्या बौद्धवाड्यातल्या थोरल्या काकू वारल्या, त्या दिवशी त्यांची तिरडी फार्महाऊसच्या गेटपाशी अडली. मी मागे बायकांच्या घोळक्यात होते. सगळे का थांबले ते कळेना म्हणून पुरुषांना बाजूला सारत पुढे गेले, तर गेटला हे एवढं कुलूप. पलीकडे नदीकाठची आमची जागा दिसत होती, चालत चार मिनिटांवर. पहारेकरी हात जोडून सांगत होता, चावी मालकांकडे आहे आणि मालक फोन उचलत नाहीत. माणसं भर उन्हात तिरडी खांद्यावर घेऊन उभी होती. शेवटी नदीच्या पात्रात उतरून, गोट्यांवरून ठेचकाळत, वळसा घालून काकूंना नेलं. एप्रिल होता म्हणून निभावलं. पावसाळ्यात त्या पात्रात माणूस उभा राहू शकत नाही.

आमचं गाव कर्जत तालुक्यात, पोशीरच्या पलीकडे. वाड्यात वीस-बावीस घरं. नदीकाठच्या त्या तुकड्यात आमच्या माणसांना पूर्वी पुरायचे, आता दहन करतात, जागा तीच. माझे वडील तिथेच आहेत. या जागेचा कागद कधी कुणी मागितला नव्हता आणि कुणाकडे नव्हताही. भोवतालचं भातशेत विकलं गेलं, मग पुन्हा विकलं गेलं, शेवटच्या मालकाने फार्महाऊस बांधून तारेचं कुंपण घातलं आणि त्या कुंपणात आमची जागाही गेली. सातबाऱ्यावर त्या तुकड्याच्या नावाने फक्त 'पोटखराब' असं लिहिलेलं, म्हणजे पीक न येणारी जमीन. पीक येत नव्हतं हे खरंच, पण का येत नव्हतं ते कुणी लिहिलं नव्हतं.

संध्याकाळी आई ओट्यावर बसली होती. तिचं वय नव्वदीला टेकलंय, पण जीभ चाळिशीतली आहे. ती म्हणाली, "मला तुज्या बापाच्या शेजारी जायाचं हाय. मला नदीतून नेऊ नका सांगते. मी काय व्हावत आलेला ओंडका हाय का गं?"

माझा भाऊ मोहोपाड्याला कंपनीत आहे, तो रजा टाकून आला होता. तो म्हणाला, "तहसीलला अर्ज करू. पण ते कागद मागणार."

"कागद मी आणते," मी म्हणाले. चारचौघांत, जरा मोठ्याने म्हणाले. एकतीस वर्षं मी जुन्या सरकारी कागदांत काढली होती, निवृत्त होऊन आईकडे राहायला आले होते, आणि वाड्यात मला त्याचा मान होता. लोकांना वाटायचं, इंग्रजांचे सगळे कागद मीच सांभाळते. मलाही थोडंफार तसंच वाटायचं.

मी राज्याच्या अभिलेखागारात दुरुस्ती विभागात होते. पदाचं नाव भारदस्त होतं, काम साधं होतं. किडीने चाळण केलेलं, शाईने जळलेलं पान घ्यायचं, त्यावर मैद्याच्या खळीने पातळ टिश्यू चिकटवायचा, टिपकागदांमध्ये घालून दाबाखाली वाळवायचं, मग पुढचं पान. वाचायचं नाही. वाचत बसणाऱ्या मुलीच्या हातून पानं होत नाहीत, असं आमचे साहेब म्हणायचे. बहुतेक कागद मोडीत आणि मला मोडी येत नव्हती, त्यामुळे मोहही नव्हता.

दुरुस्त पानं बांधणीला जात. बांधणीवाल्याला सगळी एका मापाची लागत. जुन्या पानांच्या कडा उंदरांनी कुरतडलेल्या असायच्या, कुठे बोटभर, कुठे नखभर. आम्ही पट्टी ठेवून धारदार चाकूने कड सरळ करायचो. समासात कधीकधी अक्षरं असायची. अगदी सुरुवातीला मी साहेबांना विचारलं होतं, "इथे काहीतरी लिहिलंय, कापू का?" ते म्हणाले, "मुख्य मजकूर शाबूत राहिला म्हणजे झालं. समासात कारकुनांच्या खुणा असतात." मी चाकू चालवला. सगळ्या विभागात माझी कड सर्वांत सरळ यायची. साहेब दुसऱ्या मुलींना माझी पानं दाखवायचे आणि मला ते फार आवडायचं.

सात वर्षांनी मला दिल्लीला, देशाच्या मोठ्या अभिलेखागारात सहा आठवड्यांच्या शिक्षणाला पाठवलं. शिकवणारे गृहस्थ निवृत्तीला आलेले होते. हातात कागद धरूनच बोलायचे, आणि बोलायला लागले की जेवणाची सुट्टी बुडायची. या सगळ्या कागदांचा इतिहास मी पहिल्यांदा त्यांच्याकडून ऐकला. कलकत्त्याला राजधानी असताना म्हणे प्रत्येक खात्याचे कागद त्या त्या खात्याच्या कोठीत सडत पडायचे. इतिहासाची कुणाला पडली नव्हती. आपणच दिलेला जुना हुकूम वेळेला सापडावा, एवढ्यासाठी ठेवायचे. नको वाटले ते जाळले, रद्दीत काढले. पुढे सगळे एका छपराखाली आणायचं ठरलं. मग राजधानीच दिल्लीला हलली, आणि कागद मागाहून, बऱ्याच वर्षांनी, त्यांच्यासाठी बांधलेल्या दगडी इमारतीत आले. आत यायला सरकारी माणसालासुद्धा परवानगी लागायची, बाहेरच्याचं तर सोडाच. स्वातंत्र्यानंतर पाटी बदलली, दार उघडलं, आणि ज्यांच्यावर राज्य करण्यासाठी हे सगळं लिहिलं होतं त्यांची नातवंडं ते मागायला आली.

एके दिवशी त्यांनी एक पान वर धरलं, कड नीट छाटलेलं, अगदी माझ्या हातचं शोभावं असं. "असं कधीही करू नका," ते म्हणाले. पानाच्या मधोमध साहेबाला हवं ते लिहिलेलं असतं, पण समासात गाव ओळखणारा माणूस लिहितो, असा त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ होता. मी वहीत टिपून घेतलं. माझे कान तापले होते ते मला आजही आठवतं. परत आल्यावर मी एकही कड कापली नाही, साहेबांशी त्यावरून भांडले आणि जिंकलेही. पण आधीच्या सात वर्षांत जे कापलं त्याचं काय, हे मी कुणाला विचारलं नाही. स्वतःलाही नाही.

तर, कागद आणायला मी निघाले. जिथे एकतीस वर्षं मागच्या दाराने आत गेले, तिथे आता पुढच्या दाराने, वाचक म्हणून. फॉर्म भरला. गावाचं नाव, तालुका कर्जत, जिल्हा रायगड, म्हणजे जुना कुलाबा. तिसऱ्या खेपेला इंग्रजांच्या पहिल्या मोजणीच्या वेळची आमच्या गावाची वही माझ्यासमोर आली. मोडी वाचायला मी कर्जतहून एका निवृत्त मास्तरांना बरोबर नेलं होतं. त्यांचं बाजारपेठेत पिढ्यान्‌पिढ्यांचं घर, घरात सगळे शिक्षक नाहीतर वकील. मास्तरांनी मला शाळेत भूगोल शिकवला होता आणि नापासही केलं होतं.

त्यांनी आमच्या जागेचा नंबर शोधला, बोट ठेवलं आणि वाचलं. नदीकाठचा तुकडा, अमुक क्षेत्र, साऱ्याचा आकार नाही, लागवड नाही. बस्स. स्मशानाचा उल्लेख नव्हता.

"पुढे काही नाही?" मी विचारलं.

"पुढे पानच नाही," मास्तर म्हणाले. "इथे कड आली."

मी पान माझ्याकडे ओढलं. उजवी कड सुरीसारखी सरळ होती. तिच्यावर तीन ओळींच्या रेघांची टोकं आणि अर्धवट कापलेली अक्षरं होती. मोडी लिहिणारा आधी आडवी रेघ ओढतो आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जातो, एवढं मला एकतीस वर्षं बघून बघून ठाऊक होतं. रेघ कडेपर्यंत आली होती, म्हणजे मजकूर पुढे चालू होता. मी वही उलटून शेवटच्या पुठ्ठ्याच्या आत चिकटवलेली दुरुस्तीची चिठ्ठी बघितली. प्रत्येक वहीला ती असते: कुणी दुरुस्त केली, किती पानं. खाली सही माझी होती. माहेरच्या आडनावाची, नोकरीला लागल्यानंतरच्या पहिल्या वर्षांतली, गोल गोल अक्षरांतली.

मास्तरांनी ती सही पाहिली. खिशातला रुमाल काढून त्यांनी चष्मा पुसला, आणि पुसून झाल्यावर पुन्हा पुसला.

मला माझी लाज वाटली आणि रागही आला. साहेबांचा आला, बांधणीवाल्याचा आला, पण सगळ्यात जास्त त्या कौतुकाला भुललेल्या मुलीचा आला. वडील वारले तेव्हा मी नोकरीतच होते. ज्या जागी त्यांना माती दिली, त्या जागेचा एकुलता एक पुरावा मी आधीच कापून कचऱ्याच्या पोत्यात टाकला होता.

घरी येऊन मी भावाला सगळं सांगितलं. आई आत तांदूळ निवडत होती. भाऊ कपाळाला हात लावून बसला. मग म्हणाला, "एक काम कर. त्या वहीचं नावच काढू नको. जुना कागद मिळाला नाही म्हणून सांगू. तुझं नाव यात आलं तर पेन्शन अडकवतील, आणि वाड्यात काय तोंड दाखवशील?"

"आणि आईला कुठून न्यायचं?"

"बघू तेव्हाचं तेव्हा."

आतून आईचा आवाज आला, "माज्या मरनाचं बघू बघू करू नको रं. आत्ताच बघ."

मास्तर दोन दिवसांनी स्वतःहून घरी आले. काखेत जुनी नकाशाची गुंडाळी होती. चहा यायच्या आत त्यांनी ती ओट्यावर पसरली आणि मला शाळेतल्यासारखा प्रश्न विचारला, "मोजणी झाली तेव्हा कर्जत तालुका कोणत्या जिल्ह्यात होता?"

"कुलाबा."

"म्हणून तुम्हाला नापास केलं होतं. तेव्हा तालुका ठाण्यात होता. खालापूर कर्जतच्याच पोटातला महाल. कुलाब्यात आपण नंतर आलो. कुलाब्याचं रायगड झालं ते तर परवाचं."

इकडच्या कुणालाही विचारा, जुना कागद म्हटलं की तो कुलाब्यातच शोधणार. मीही तेच केलं होतं, आणि मी तर त्या कागदांच्या घरात आयुष्य काढलेली. मास्तरांचं म्हणणं असं की वही जन्मली ठाण्यात. तालुका हलला तशी ती कुलाब्याला गेली, पण ठाण्याच्या कचेरीत तिची दुसरी प्रत असणारच, कारण इंग्रज एका कागदावर कधी भागवत नसे. आणि दोन्ही जिल्ह्यांची जुनी दप्तरं शेवटी आमच्याच इमारतीत आली होती, फक्त वेगळ्या मजल्यांवर. ठाण्याच्या दप्तरांच्या दारावरून मी रोज डबा खायला जायचे.

प्रत होती. पण यादीत तिच्यासमोर लाल शाईत लिहिलं होतं: अति ठिसूळ, वाचकांस देऊ नये. दुरुस्त झाली की मिळेल. दुरुस्ती कधी? रांगेप्रमाणे. रांग किती? विभागप्रमुख बाईंनी नुसतं कपाटांकडे बघितलं. त्या एके काळी माझ्या हाताखाली शिकल्या होत्या.

"ताई, तुम्हीच आम्हाला शिकवलंत, ठिसूळ पानाला घाई करायची नाही म्हणून," त्या म्हणाल्या.

"आणि तेही मीच शिकवलं की दोन टिपकागदांमध्ये धरून कुठलंही पान उलटता येतं."

"नियम आहे."

"मग नियमाप्रमाणे अर्ज घ्या."

मी अर्ज दिला. उत्तर नकाराचं आलं. दुसरा दिला, त्याबरोबर, तोवर भावाने केलेल्या अर्जावर निघालेली तहसीलच्या सुनावणीची नोटीस जोडली. तिसऱ्यात लिहिलं, पान फक्त उघडावं, मी हात लावणार नाही. दर सोमवारी मी जाऊन वाचनकक्षात बसायचे, डबा घेऊन. शिपाई मला चहा आणून द्यायचे आणि बाईंना जाऊन सांगायचे, ताई बसल्यात. मला आयुष्यात चिकटवण्याचंच काम येत होतं, तेच मी करत राहिले. सातव्या सोमवारी बाईंनी मला आत बोलावलं. परवानगी वरून आली होती: विभागात, त्यांच्या समोर, त्यांच्या हाताने एकच पान उघडायचं, मास्तरांनी वाचायचं, फोटो काढायचा, शिक्का मारून प्रत द्यायची.

ते एक पान उघडायला सकाळ गेली. पानं एकमेकांना चिकटली होती. बाई ओलसर टिपकागद ठेवत, थांबत, पातळ पट्टी मिलिमीटरने पुढे सरकवत. मी पाठीमागे हात बांधून उभी होते. माझी बोटं आपोआप हलत होती, ती मी मुठीत आवळून धरली. ही वही कुणी दुरुस्त केली नव्हती, बांधली नव्हती, कुणी तिच्याकडे बघितलंही नव्हतं. किडीने तिची चाळण झाली होती. पण चारही समास जागच्या जागी होते.

मास्तर वाकले. बराच वेळ त्यांना लागला. मग त्यांनी सरळ होऊन वाचलं: "महार लोकांची प्रेते पुरण्याची जागा. गावापासून नदीस वाट. वहिवाट कदीम."

माझे आजोबा बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन एका दिवसात त्या शब्दातून बाहेर पडले होते. घरात तो पुन्हा कधी उच्चारायचा नाही, असा त्यांचा दंडक होता. गावातल्या कुठल्याशा कुलकर्ण्याने, आमची सावली चुकवणाऱ्याने, समासात तो लिहून ठेवला होता, आणि आता तोच आमच्या बाजूने साक्ष देत होता. मला रडू आलं. मास्तर म्हणाले, "कदीम म्हणजे फार जुनी. इंग्रज यायच्या आधीपासूनची." मला माहीत होतं, पण त्यांना सांगू दिलं.

सुनावणी कर्जतला होती. तहसीलदार मॅडम तरुण होत्या, टेबलावर फायलींचा ढीग. आई हट्टाने आली होती आणि भिंतीकडेच्या बाकावर काठी दोन्ही हातांत धरून बसली होती. भावाने आमचा कागद ठेवला. मॅडमनी वाचला आणि मालकांच्या वकिलांकडे पाहिलं.

वकील तयारीने आले होते. त्यांनी फाइलमधून एक प्रत काढली. कुलाब्याची वही, तोच नंबर, शिक्का मारलेली. त्यात शेरा नव्हता. "एकाच मोजणीच्या दोन प्रती," ते शांतपणे म्हणाले. "नीट राखलेल्या प्रतीत काही नाही. धूळ खात पडलेल्या प्रतीत मात्र नेमका हवा तो शेरा. आणि अर्जदारांची बहीण त्याच कार्यालयात एकतीस वर्षं नोकरीला. मला कुणावर आरोप करायचा नाही, पण जुन्या कागदावर तीन ओळी वाढवायला किती वेळ लागतो, ते त्यांनाच विचारावं."

भावाने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत विनवणी होती. गप्प बस, आपण वेगळं काहीतरी सांगू.

मी उभी राहिले. "मॅडम, मी शेरा घातलेला नाही," मी म्हणाले. "मी शेरा कापलाय."

मग मी सगळं सांगितलं. चाकू, पट्टी, बांधणीचं माप, साहेबांनी सांगितलेलं आणि मी ऐकलेलं, आणि त्यांनी सांगितलं असलं तरी हात माझा होता हेही. वकिलांच्याच प्रतीवर मी कडेची ती तीन टोकं दाखवली. मॅडमनी दोन्ही प्रती शेजारी शेजारी ठेवल्या. कुलाब्याच्या पानावर कापलेली अर्धी अक्षरं आणि ठाण्याच्या पानावरच्या तीन ओळींची सुरुवात, एकाखाली एक जुळत होती. मास्तर पुढे जाऊन ती अक्षरं एकेक करून दाखवू लागले, आणि मला वाटतं, त्या दिवशी त्यांना निवृत्तीनंतर पहिल्यांदा फळ्यापाशी उभं राहिल्यासारखं वाटलं असेल.

"म्हणजे तुम्ही सरकारी दस्तऐवज नष्ट केल्याचं कबूल करताय?" वकिलांनी विचारलं.

"हो. त्या वहीतल्या प्रत्येक पानाचा समास. आणखीही वह्या आहेत. चिठ्ठीवर सही आहे माझी."

"लेखी द्याल?" मॅडमनी विचारलं.

"आत्ता देते."

कारकून लिहीत होता तेव्हा मी आईकडे बघितलं. इतकी वर्षं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आली होती, माझी पोर सरकारचं कागद वाचवती. आता तिने सगळं ऐकलं होतं. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. मी सही केली, यावेळी नीट वाचून. परतताना रिक्षात, नेरळ मागे पडल्यावर ती म्हणाली, "कापलंस ते वंगाळ केलंस. सांगितलंस ते बरं केलंस." एवढंच. पुन्हा तो विषय तिने काढला नाही.

मॅडम जागा बघायला आल्या, वाड्यातल्या म्हाताऱ्यांचे जबाब घेतले, आणि महिन्याभराने हुकूम आला. वाट मोकळी करावी, गेटला कुलूप लावू नये. मालक अपिलात गेलेत. जाऊ देत. दोन्ही प्रती मी प्लास्टिकच्या पाकिटात घालून कपाटात ठेवल्यात आणि मास्तरांच्याही घरी एक संच दिलाय. अभिलेखागारातून खुलासा मागणारं पत्र आलं. मी चार पानी खुलासा पाठवला, आणि शेवटी लिहिलं की त्या सात वर्षांत माझ्या हाताखालून गेलेल्या वह्या हुडकायला मला येऊ द्यावं, म्हणजे कुठल्या पानाची दुसरी प्रत शोधावी लागेल ते तरी कळेल. आता मी दर सोमवारी जाते. पुठ्ठे उलटून चिठ्ठ्या बघते, माझी सही दिसली की वहीचा नंबर लिहून घेते. विभागातल्या मुली सुरुवातीला कुजबुजायच्या. आता पुठ्ठा उलटून मलाच हाक मारतात, "ताई, ही पण तुमचीच."

हुकूम आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आई आंघोळ करून, पांढरं लुगडं नेसून अंगणात उभी राहिली. "चल," म्हणाली.

"कुठे?"

"बघायला."

गेट उघडं होतं. पहारेकरी खुर्चीवरून उठला आणि बाजूला झाला. आईने माझा हात धरला नाही. काठी टेकत, मध्ये दोनदा थांबून, ती नदीकाठापर्यंत स्वतःच्या पायांनी गेली. गवत गुडघाभर वाढलं होतं. वडलांना माती दिली होती ती जागा तिने बरोबर ओळखली, तिथे बसली, हात जोडले, आणि ओठ हलवत काहीतरी पुटपुटली. मी लांब उभी राहिले. मला वाटलं, तिला एकटीला राहू द्यावं.

बऱ्याच वेळाने तिने हाक मारली. मी जाऊन तिला उठवलं. ती लुगड्याला लागलेलं गवत झटकत म्हणाली, "सांगितलं त्यांना, वाट मोकळी झाली म्हनून. पन मला घाई नाय म्हनलं. चल, भाकऱ्या टाकायच्यात."